आपलंच आहे

१

तन्मयच्या घरी रोज सकाळी अकराला केर निघायचा, आणि तो काढायची ठकुबाई. बाई कसली, चपटं गोल यंत्र ते! पण मुग्धाच्या माहेरी कामाला येणाऱ्या ठकुबाई केर काढताना स्वतःशीच पुटपुटायच्या, आणि हेही तसंच पुटपुटत फिरायचं, म्हणून तेच नाव चिकटलं. "अठराशे दिरहम, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस हजार झाले की रे," मुग्धा तेव्हा म्हणाली होती. "एवढ्यात खऱ्या ठकुबाई विमानाने येऊन महिनाभर राहून गेल्या असत्या."

तन्मय वेब डेव्हलपर. लोकांच्या वेबसाइट बांधून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या घराला अक्कल शिकवायचा. दुबईत, अल मनखूलच्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. दाराचं कुलूप, बेल, एसी, दिवे, ठकुबाई, सगळं त्याने स्वतः लिहून फोनमधल्या एका पानावर आणलं होतं. पानाचं नाव 'उंबरठा'. हौस एवढी दांडगी, की दाराचं किल्लीचं भोकसुद्धा त्याने बुजवून टाकलं होतं.

आता या उंबरठ्याची एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घरच्यांचे चेहरे कुठल्या कंपनीच्या हातात जाऊ नयेत असं तन्मयचं मत, आणि मत काही वाईट नव्हतं. म्हणून त्याचा उंबरठा माणसं ओळखायचा ती पायांवरून. एक कॅमेरा ठकुबाईच्या कपाळावर, दुसरा दाराबाहेर घोट्याच्या उंचीवर. पावलाचं माप, चाल, पायातले जोडे, एवढंच बघायचं. "मुलाचे पाय पाळण्यात आणि नवऱ्याचे फोनमध्ये," असं म्हणून मुग्धा हसायची. अनोळखी काही दिसलं की दोघांच्याही फोनवर त्याचा फोटो यायचा आणि खाली प्रश्न: हे आपलंच आहे का? 'आपलंच आहे' दाबलं की ते घरचं झालं. उंबरठा पुन्हा विचारायचा नाही, दार उघडून द्यायचा. 'आपलं नाही' दाबलं की खलास. त्याच्यासाठी, आणि उत्तर येईपर्यंत कुठल्याच अनोळख्यासाठी, ना बेल वाजायची, ना दार उघडायचं.

सप्टेंबरातला मंगळवार होता. मुग्धा शाळेत शिकवायला गेली होती आणि सात वर्षांची ईशानी त्याच शाळेत शिकायला. तन्मय घरून काम करायचा. हेडफोन लावून क्लायंटशी बोलत बसला होता. फोन थरथरला. फोटोत दाराच्या आतली चपला काढायची जागा होती. त्याच्या निळ्या घरातल्या चपला, आणि त्यांच्या शेजारी रिकामी, राखाडी फरशी. लाल चौकट मात्र त्या रिकाम्या फरशीभोवती होती.

असले खोटे इशारे ऑफिसात दिवसाला शंभर येतात, आणि भलेभले डेव्हलपर ते डोळे झाकून 'माहीत आहे' म्हणत बंद करतात. हाताला वळणच पडतं तसं. क्लायंट बोलत होता, तन्मय "यस, यस" करत होता, आणि न बघता त्याच्या अंगठ्याने दाबलं. आपलंच आहे.

२

दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन तो उभा होता म्हणून त्याला दिसलं. ठकुबाई पुटपुटत दारापर्यंत आली, रिकाम्या फरशीपाशी थबकली आणि वळसा घालून गेली. वळसा अगदी बेतशीर. एक जोडी जोडे ठेवलेले असावेत तेवढाच.

"काय गं, म्हातारी झालीस काय?" तन्मय म्हणाला. त्याने तिला उचललं, कॅमेऱ्याची काच बनियनला पुसली, पुन्हा सोडलं. तिने पुन्हा तोच वळसा घेतला. फरशी चकाकते, उजेड पडतो, यंत्राला भास होतो. त्याने कारण शोधलं आणि ते त्याला पटलं. पटायलाच हवं होतं, दुपारी दोनला काम द्यायचं होतं.

गुरुवारी उंबरठ्यातल्या घराच्या नकाशावर एक खूण वाढली. उंबरठा घरात पाय दिसतील तिथे छोटी पावलं काढायचा. दोन पावलं पॅसेजमध्ये होती. शुक्रवारी ती जेवणाच्या टेबलाखाली आली, चौथ्या खुर्चीपाशी.

हे घर तीन माणसांचं. चौथ्या खुर्चीवर कायम इस्त्रीचे कपडे. शुक्रवारी संध्याकाळी ते कपडे सोफ्यावर होते, नीट घडी करून.

"बरं झालं उचललेस," मुग्धा म्हणाली.

"मी? मला वाटलं तू."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही हसली. मुग्धा पोळ्या लाटायला गेली. तन्मय मात्र चोरासारखा खाली वाकला आणि त्या खुर्चीसमोरच्या फरशीला हात लावून बघितलं. दिवसभर एसी चाललेल्या घराची फरशी, बर्फगार. तेवढा तळव्याएवढा भाग कोमट होता. कुणी नुकतंच उठून गेल्यावर जागा असते तसा. खालच्या मजल्यावरचा गरम पाण्याचा पाइप असेल, असं त्याने ठरवलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

शनिवारी एसीची सर्व्हिसिंग होती. येणारा माणूस ओळखीचा, समाधान, बार्शीकडचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीच्या खोलीत सहा जणांत राहायचा, आणि मराठी घर मिळालं की काम संपल्यावर चहाला हक्काने टेकायचा. तन्मयने त्याला आत घेतलं. समाधानने जड बूट काढले आणि दारातली मोकळी जागा सोडून लांब कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवले.

"अरे, इथे ठेव की. एवढी जागा आहे."

"हायेत की सायेब तिथं कुनाची तरी पायतानं," समाधान म्हणाला, मग खाली बघितलं. "आं? आत्ता तर..." त्याने मनगटाने डोळे पुसले. "घाम गेला डोळ्यात. बाहेर लई ऊन हाय."

एरवी तासाभराचं काम त्याने पंचवीस मिनिटांत उरकलं. शिडीवरून दोनदा मागे वळून टेबलाकडे बघितलं. मुग्धाने आल्याचा चहा आणला तर म्हणे, "नको वैनी, घाई हाय." समाधानला चहा नको! मुग्धा बघतच राहिली.

तन्मय त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेला. लिफ्ट आली तसा समाधान आत शिरला. मग हळूच म्हणाला, "सायेब, पाव्हनं कवा आलं?"

"कुठले पाहुणे? कुणी नाही आलंय."

समाधानने मान हलवली. "इचारलं का तुमी त्यास्नी, कोन पायजे म्हून?" आणि लिफ्टचं दार बंद झालं.

हा खेड्यातला माणूस, याचं काय मनावर घ्यायचं, असं स्वतःला सांगत तन्मय परत आला. दारात ईशानी सँडल काढत होती. खालून खेळून आली होती. मुग्धाच्या चपलांवर एक आणि कपाटाखाली एक असे तिने ते कसेबसे कोंबले.

"ईशू, मध्ये एवढी जागा आहे ना?"

"नो बाबा," ती सहज म्हणाली. "दॅट प्लेस इज टेकन."

"टेकन? कोणी घेतलीय?"

ईशानीने त्याच्याकडे असं बघितलं, की बाबा काय वेड्यासारखं विचारतोय. "यू," ती म्हणाली आणि टीव्ही लावायला पळाली.

तन्मय तिथेच उभा राहिला. त्याच्या निळ्या चपला तर त्याच्या पायात होत्या.

४

रविवारी त्याने सगळं सॉफ्टवेअर नव्याने चढवलं आणि सोमवारी ऑफिसचा मेल आला: घरून काम बंद, सगळ्यांनी रोज हजर व्हा. घरात बसून काम करता येईल असली साधनं बनवायला लावतात आणि बनवणाऱ्यालाच मेट्रोत उभं करतात! सकाळी सातला निघायचं, परत यायला सहा. तन्मयला आधी राग आला आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं हायसं वाटलं. त्या फरशीशेजारी एकट्याने बसणं त्याला नको झालं होतं.

पंधरा दिवस गेले. सुटका त्याची झाली, पण मुग्धा आणि ईशानी तीनला घरी यायच्या. तीन ते सहा. हे तीन तास त्याला ऑफिसात बसवेना. तो पुन्हा पुन्हा उंबरठा उघडून बघायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

एका बुधवारी साडेतीनला त्याने उघडलं. वरच्या कोपऱ्यात, किती माणसांसाठी एसी लावायचा ते ठरवायला, घरातली माणसं मोजलेली असत. तिथे होतं: घरी ३.

त्याने मुग्धाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला, हसत.

"काय रे आळशी! फोन कशाला करतोस, हाक मारायची ना. आणते चहा."

तन्मय खुर्चीतून उठला. "मुग्धा, मी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? आतल्या खोलीत. आत्ताच तर गेलास इथून..." ती थांबली. मागे गॅसवर काहीतरी उकळत होतं. "तन्मय, तुझ्या मागे तो प्रिंटरचा आवाज कसला?"

"मी ऑफिसात आहे. ईशूला घे आणि खाली वॉचमनपाशी जा. आत्ताच्या आत्ता जा. गॅस राहू दे."

ती गेली. वॉचमनला घेऊन परत वर आली. आतली खोली रिकामी होती. गादीच्या कडेला कुणी बसल्यासारखा खळगा होता, पण खळगा काय, कुणाचाही असू शकतो. चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

संध्याकाळी मुग्धा त्याच्याशी भांडलीच. "मी काय वेडी आहे का? कुणीतरी गेलं माझ्या शेजारून! मी वळूनसुद्धा बघितलं नाही. तू हल्ली ऑफिसात असतोस हे डोक्यातच आलं नाही. मला इतकं... इतकं ओळखीचं वाटलं रे ते." तिने उंबरठ्याचं पान त्याच्यासमोर धरलं. "तू काय केलंयस या घराला?"

मग त्याने सांगितलं. रिकाम्या फरशीचा फोटो आणि दाबलेलं बटण.

"बघितलंसुद्धा नाहीस?"

"कामात होतो गं."

मुग्धा सोफ्यावर बसली. तन्मय तिच्या शेजारी बसला. "आज घाईत काही दाबत नाही, उद्या शांतपणे काढून टाकतो मी ती नोंद. चूक माझी, निस्तरतो मीच. पण तोवर एक लक्षात ठेव. दारात काहीही दाखवलं, काहीही, तरी 'आपलं नाही' दाबायचं. विचार करायचा नाही. मी नाही का, विचार न करता 'आपलंच' दाबलं? तसंच उलट."

"विचार करायचा नाही, दाबायचं," मुग्धा म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

५

रात्र तिघांनी एका खोलीत दिवा लावून काढली. सकाळी ईशानीला आणि मुग्धाला शाळेत सोडून तन्मय ऑफिसला गेला. दिवसभर एकामागून एक मीटिंग. नोंद काढायला हात मोकळा झाला तो संध्याकाळी, परतीच्या मेट्रोत, दांडीला धरून उभा असताना.

त्याने 'घरचे' ही यादी उघडली. चार ओळी होत्या.

तन्मय, नऊ नंबर.
मुग्धा, पाच नंबर.
ईशानी, लहान.
तन्मय, नऊ नंबर.

तो चरकला, पण लगेच उलगडाही झाला. निनावी काही घरात घ्यायचं नाही, जवळात जवळच्या मापाचं नाव द्यायचं, हे त्यानेच लिहिलं होतं. फोटो ठेवायचे नाहीत, हेही त्यानेच. त्या रविवारी सगळं नव्याने चढवल्यामुळे चौघांची तारीख एकच. म्हणजे दोघांतला आपण कोणता हे बघायला एकच खूण उरली. यादीचा क्रम. ज्याचा घरात वावर जास्त, तो वर.

यात विचार करण्यासारखं काय होतं? घर त्याचं, भाडं तो भरतो, भिंतीत वायरी त्याने घातल्या. वरचा तन्मय तो, आणि सगळ्यात खाली बसलेला तो उपटसुंभ. त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. काढून टाकू? हो. ओळ गेली. तीन उरल्या, तीन माणसांच्या तीन.

डोक्यावरचं ओझं उतरलं. स्टेशनवरून बाहेर पडून त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम सामोसे घेतले. ईशूला आवडतात. रोज या वेळी मुग्धाचा फोन यायचा, कुठे पोचलास, येताना कोथिंबीर आण. आज आला नाही. कालच्या धावपळीने दमली असेल बिचारी, असं म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला.

६

दार उघडलं नाही.

तो कॅमेऱ्यासमोरून एक पाऊल मागे गेला, पुन्हा पुढे आला. कुलूप ढिम्म. बेल दाबली, तर बेल वाजली नाही. सवयीने त्याने बूट काढले आणि दाराशेजारी ठेवले, मोजे घातलेल्या पायांनी उभा राहिला. तरीही नाही.

आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. ईशानी पाढे म्हणत होती, इंग्रजीत. चुकली, थांबली. मग हसली, कुणी गुदगुल्या केल्यावर हसते तशी.

तन्मयने फोन काढून उंबरठा उघडला. घरी ३.

ऑफिसला जायला लागल्यापासूनचे दिवस त्याने मनातल्या मनात मोजले. सातला बाहेर, सहाला परत. दिवसभर घरात कुणाचा वावर होता? यादीत सगळ्यात वर कोण असणार होतं? त्याच्या हातातली सामोशांची पिशवी खाली पडली.

"मुग्धा!" त्याने दार बडवलं. "मुग्धा, मी आहे! दार उघड!"

पाढे थांबले. मग ईशानीचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "बाबा, देअर इज अ मॅन आउटसाइड. ही इज टॉकिंग लाइक यू."

"ईशू, इकडे ये," मुग्धा म्हणाली. घाबरलेली होती.

त्याने तिला फोन लावला. आत रिंग वाजली. "अरे, हा बघ," मुग्धा आत कुणाला तरी म्हणाली, "तुझाच नंबर दाखवतंय! तू इथे बसलायस समोर, आणि फोन तुझ्या नंबरवरून. हल्ली काय काय करतात रे हे फसवणारे लोक. आवाजसुद्धा हुबेहूब काढतात." रिंग बंद झाली.

"मुग्धा, त्याच्याकडे बघ! चांगलं निरखून बघ त्याच्याकडे!" तन्मय ओरडला. आत खुर्ची सरकली. चौथी, तिचा एक पाय आखूड, ती तशीच खरडते.

फोनच्या पडद्यावर ठकुबाईचा कॅमेरा क्षणभर उघडला. जमिनीलगतचं घर दिसलं. ईशानीची उघडी पावलं, तिला घट्ट धरून उभ्या असलेल्या मुग्धाची पावलं, आणि दोघींच्या पुढे आणखी दोन. त्याच्या निळ्या चपला घातलेली, बोटं दाराकडे केलेली. घोट्याच्या वर काही दिसायच्या आत पान पांढरं झालं आणि त्यावर त्यानेच कधीतरी लिहिलेलं वाक्य आलं: तुमची ओळख पटली नाही.

आत मुग्धाच्या फोनची घंटी किणकिणली.

"हे बघ, दारातलं काहीतरी विचारतंय," ती म्हणाली. "बूट दिसतायत कुणाचे तरी. तुझ्यासारखेच आहेत रे... काय करू?"

कुणी काहीच बोललं नाही.

"हो," जरा थांबून मुग्धाच म्हणाली. "तूच सांगितलंस ना. विचार करायचा नाही, दाबायचं."

"नको! मुग्धा, नको..."

कुलपाचा दुसरा खटका पडला. आत कुकरची शिट्टी झाली आणि ईशानीने पुन्हा पाढा सुरू केला, पहिल्यापासून.

वॉचमनकडे जायला हवं होतं. तन्मय बूट घालायला खाली वाकला. दाराशेजारी बूट नव्हते, नुसती राखाडी फरशी होती. त्याने हात लावून बघितलं. फरशी कोमट होती.